लॅपटॉप एक, नावं चार, निवडायचा कोणाकडून?

जर्मनीत किंवा अमेरिकेत शिकायला गेलेल्या मुलांना एक कोडं हमखास पडतं. व्हिडिओ एडिटिंगसाठी किंवा अभियांत्रिकीच्या जड सॉफ्टवेअरसाठी दणकट लॅपटॉप हवा असतो. ओळखीच्या मोठ्या कंपन्यांच्या किमती झेपत नाहीत, म्हणून शोध सुरू होतो आणि कधी न ऐकलेली नावं समोर येतात. २०१९-२० मधलं उदाहरण घ्या. जर्मनीत एक्सएमजी फ्युजन १५ नावाचा लॅपटॉप विकला जात होता. अमेरिकेत एक कंपनी मॅग-१५ विकत होती, दुसरी एलिमेंट. पेन ड्राइव्ह आणि रॅममुळे आपल्याकडे परिचित असलेल्या एडेटाच्या एक्सपीजी शाखेने झेनिया १५ बाजारात आणला. चारही शेजारी ठेवून पाहिले तर मागची जाळी तीच, यूएसबीच्या जागा त्याच, बिजागरी तीच, मॅग्नेशियम मिश्रधातूचं अंग आणि दोन किलोंच्या आतलं वजनही तेच. झाकणावरचं बोधचिन्ह मात्र प्रत्येकाचं वेगळं, आणि किंमतही वेगळी.

यात कोणी कोणाची नक्कल केलेली नव्हती. मूळ आराखडा इंटेलचा होता, उत्पादन चीनमधल्या टाँगफांगचं होतं आणि या चारही कंपन्यांनी तो रीतसर विकत घेऊन आपल्या नावाने विकला. अशा यंत्राला रिब्रँडेड लॅपटॉप म्हणतात. वापरलेला, दुरुस्त करून पुन्हा विकलेला रिफर्बिश्ड लॅपटॉप वेगळा. इथे आपण कोऱ्या लॅपटॉपविषयीच बोलतो आहोत.

यंत्र एकच असेल तर सर्वांत स्वस्त दुकान गाठावं, असं वाटणं साहजिक आहे. माझं मत उलट आहे. यंत्र एकच असतं म्हणूनच विक्रेता जास्त काळजीने निवडावा लागतो. कारण चार दुकानांत जो काही फरक असतो, तो सगळा विक्रेत्याने घडवलेला असतो.

लॅपटॉप बनवतं कोण?

जगातले बहुतेक लॅपटॉप ज्या कंपनीच्या नावाने विकले जातात, त्या कंपनीच्या कारखान्यात तयार होत नाहीत. क्वांटा, कॉम्पल, विस्ट्रॉन, इन्व्हेंटेक, पेगाट्रॉन या तैवानी कंपन्या डेल, एचपी, लेनोव्होसारख्यांसाठी उत्पादन करतात. यांना ओडीएम म्हणतात, म्हणजे दुसऱ्याच्या नावाने विकण्यासाठी माल स्वतः आखून बनवून देणारे. पण या व्यवहारात सहसा एक अट असते. मोठ्या कंपनीसाठी केलेला आराखडा तिचाच राहतो, तो दुसऱ्या कोणाला विकता येत नाही.

रिब्रँडेड लॅपटॉपच्या व्यवहारात ही अट नसते. तैवानमध्ये १९८३ साली सुरू झालेली क्लेव्हो ही या धंद्यातल्या सर्वांत जुन्या नावांपैकी एक. तिचा कॅटलॉग मागेल त्याला खुला असतो. जर्मनीतल्या लाइपझिगची शेंकर (एक्सएमजी हे तिचंच नाव), जर्मनीतलीच लिनक्सवाली टक्सीडो, कॅलिफोर्नियातली सेगर, कॅनडातली युरोकॉम, अमेरिकेत डेन्व्हरची सिस्टम७६ या सगळ्यांनी क्लेव्होचे लॅपटॉप आपापल्या नावांनी विकले आहेत. गेल्या काही वर्षांत टाँगफांगनेही या बाजारात मोठी जागा मिळवली आहे.

क्लेव्होसारखी कंपनी विक्रेत्याला जे पाठवते त्याला बेअरबोन, म्हणजे नुसता सांगाडा, म्हणतात. त्यात बाहेरचं अंग, मदरबोर्ड, पंखे, पडदा, कीबोर्ड आणि बॅटरी असते. आजकाल प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप बहुधा बोर्डावर झाळलेल्याच येतात. रॅम, एसएसडी, वायफाय कार्ड, ऑपरेटिंग सिस्टम, कीबोर्डवरची छपाई आणि झाकणावरचं नाव या गोष्टी विक्रेता घालतो. ताग्यातलं कापड एकच असलं तरी सदरा कसा बसेल हे शिंप्यावर असतं, तसा हा प्रकार.

हा धंदा टिकला त्यामागे एक कारण आहे. मोठ्या कंपन्या लाखोंनी खपणारं यंत्र बनवतात, त्यामुळे थोड्यांच्या गरजा मागे पडतात. क्लेव्होचा २०१५ मधला पी८७०डीएम बघा. त्यात लॅपटॉपचा नव्हे, तर चक्क डेस्कटॉपचा प्रोसेसर बसायचा, तोही काढता-घालता येणारा. सेगरने तो एनपी९८७० म्हणून विकला आणि युरोकॉमने स्काय एक्स९ म्हणून. वजन भरपूर, आवाज भरपूर, बॅटरी जेमतेम. पण डेस्कटॉपची ताकद पिशवीत घालून न्यायची ज्यांना खरोखर गरज होती, त्यांना दुसरीकडे असं काही मिळतच नव्हतं.

आधी कूटनाव शोधा

निवडीची सुरुवात नावापासून न करता कूटनावापासून करावी. प्रत्येक सांगाड्याला मूळ उत्पादकाने दिलेला अक्षर-आकड्यांचा एक कोड असतो, पी८७०डीएम हा तसाच. काही विक्रेते तो स्वतःहून सांगतात, काही विचारल्यावर सांगतात. लॅपटॉप हातात असेल तर तो उलटा करून तळाच्या लेबलावर बघा, बऱ्याचदा तिथेच बारीक अक्षरांत मॉडेलचा क्रमांक असतो. विंडोजमध्ये सिस्टम इन्फर्मेशन उघडलं तर बेसबोर्ड प्रॉडक्ट या ओळीतही पुष्कळदा मूळ कोड दिसतो. झाकणावरचं नाव बदललेलं असतं, पण मदरबोर्डाच्या आतली नोंद तशीच राहून गेलेली असते.

कोड कळला की मोठं काम सोपं होतं. एकाच सांगाड्याच्या चार भावंडांपैकी ज्याचं सविस्तर परीक्षण कुठे छापून आलं असेल, ते बाकी तिघांनाही बरंचसं लागू पडतं. कीबोर्डाचा हाताला लागणारा स्पर्श, बिजागरीची मजबुती, स्पीकरचा आवाज, वेबकॅमचा दर्जा, रॅमचे खाचे किती आणि मागचं झाकण किती सहज उघडतं, हे सगळं सांगाड्याबरोबर येतं. यातल्या कुठल्याही गोष्टीसाठी एका विक्रेत्याला दुसऱ्यापेक्षा जास्त पैसे देण्यात अर्थ नाही.

लागू पडत नाही ते पुढचं.

विक्रेत्याच्या हातात काय असतं

रॅमपासून सुरू करू. जाहिरातीत १६ जीबी लिहिलेलं असतं. ती आठ-आठच्या दोन पट्ट्यांत आहे की सोळाच्या एकाच पट्टीत, हे लिहिलेलं नसतं. प्रोसेसर आणि रॅम यांच्यात माहितीची ने-आण करायला दोन मार्ग असतात, आणि एकच पट्टी लावली तर एक मार्ग रिकामा राहतो. प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर काम करणाऱ्या लॅपटॉपला याचा फटका चांगलाच जाणवतो. एसएसडीचंही तसंच. ५१२ जीबी एवढंच लिहिलं असेल तर विक्रेत्याला त्या आठवड्यात जी स्वस्त मिळाली ती तुमच्या वाट्याला येणार, असं समजा. चांगला विक्रेता तिची कंपनी आणि मॉडेल सांगतो आणि दोन-तीन पर्यायही देतो.

पडद्याबाबत तर जास्तच सावध राहायला हवं. एकाच सांगाड्यात वेगवेगळ्या कंपन्यांचे पडदे बसतात. आकार आणि रिझोल्यूशन तेच, पण एक पडदा रंग पूर्ण दाखवतो आणि दुसऱ्यावर लालाचा विटकरी होतो. कागदावर दोन्ही आयपीएस आणि दोन्ही फुल एचडी. फोटो किंवा व्हिडिओचं काम असेल तर पडदा एसआरजीबी या रंगमापनाचा किती टक्के भाग दाखवतो, हे लेखी विचारा. साधारण शंभराच्या आसपास हवं. साठच्या घरातला आकडा आला तर तो पडदा त्या कामाचा नाही.

चिपवरच्या पेस्टचं महत्त्वही कमी नाही. चिप आणि तिच्यावरची तांब्याची पट्टी यांत केसाएवढी फट राहते. ती भरून उष्णता पलीकडे नेण्यासाठी थर्मल पेस्ट लावतात. काही विक्रेते जास्तीचे पैसे घेऊन चांगल्या दर्जाची पेस्ट किंवा द्रवरूप धातू लावून देतात. द्रवरूप धातूने तापमान खरोखर उतरतं, पण तो वीज वाहून नेतो, आणि त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियमला खातं. शेजारच्या भागावर एक थेंब सांडला तर बोर्ड जळू शकतो. हे काम रोज करणाऱ्या विक्रेत्याकडूनच करून घ्यावं, आणि त्यावर त्याची वॉरंटी असेल तरच.

तीच चिप, पण वॉट वेगळे

या विषयात लोक सर्वांत जास्त फसतात ते ग्राफिक्स चिपच्या नावावर. आरटीएक्स ३०६० असं लिहिलं की सगळीकडे सारखीच ताकद मिळणार, असं आपण धरून चालतो. पण लॅपटॉपमधली ही चिप ६० वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कुठेही बसवता येते. वॉट म्हणजे तिला किती वीज घ्यायची परवानगी आहे, तो आकडा. वीज कमी दिली तर चिप हळू चालते. याच चिपचा कमाल वेग वॉटनुसार १२८३ ते १७०३ मेगाहर्ट्झ असा बदलतो. नाव तेच राहतं आणि कामगिरीत मोठं अंतर पडतं.

हा आकडा काही अंशी सांगाडा ठरवतो, कारण पंखे आणि तांब्याच्या नळ्या जेवढी उष्णता बाहेर टाकू शकतात त्याच्या पुढे जाता येत नाही. उरलेलं फर्मवेअर ठरवतं, म्हणजे मदरबोर्डवर साठवलेलं मूळ सॉफ्टवेअर. विंडोज सुरू होण्याआधी तेच जागं होतं आणि पंखा किती तापमानाला किती जोरात फिरेल, चिपला किती वॉट मिळतील हे तेच बघतं. काही विक्रेते क्लेव्होकडून आलेलं फर्मवेअर जसंच्या तसं ठेवतात. काही उत्पादकाशी बोलून पंख्यांचा आवाज आणि वॉट यांचा मेळ आपल्या गिऱ्हाइकांप्रमाणे बसवून घेतात. बाहेरून एकसारखे दिसणारे दोन लॅपटॉप, पण एक ग्रंथालयात वापरता येतो आणि दुसरा उघडला की चार माना वळतात, तो फरक इथून येतो.

२०२१ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉप कंपन्यांना हे वॉट जाहीरपणे लिहायला सांगितलं. विक्रेत्याच्या माहितीत हा आकडा सापडत नसेल तर विचारा.

फर्मवेअरची दुसरी बाजू सुरक्षेची आहे, आणि तिच्याकडे खरेदीच्या वेळी सहसा कोणी पाहत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये लोगोफेल नावाच्या त्रुटी उघड झाल्या. लॅपटॉप सुरू होताना कंपनीचं बोधचिन्ह दिसतं ना, ते चित्र वाचणाऱ्या फर्मवेअरच्या भागात ही भोकं होती. मुद्दाम बिघडवलेलं चित्र तिथे बसवलं तर हल्लेखोराला ऑपरेटिंग सिस्टमच्याही आधी यंत्राचा ताबा मिळू शकत होता. अशी त्रुटी सापडली की दुरुस्ती आधी फर्मवेअर लिहिणाऱ्या कंपनीकडून लॅपटॉपच्या उत्पादकाकडे येते, तिथून विक्रेत्याकडे आणि मग तुमच्याकडे. या साखळीतला शेवटचा दुवा विक्रेता आहे. तो आळशी असेल तर दुरुस्ती तयार असूनही तुमच्यापर्यंत पोचत नाही.

म्हणून विक्रेत्याच्या सपोर्ट विभागात जाऊन दोन-तीन वर्षांपूर्वीचं एखादं मॉडेल उघडा आणि त्याचं शेवटचं फर्मवेअर कधी आलं ते बघा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि विक्रेत्याबद्दल एवढं खरं सांगणारी दुसरी खूण मला माहीत नाही. सिस्टम७६ने २०१९ पासून आपल्या काही लॅपटॉपवर स्वतः तयार केलेलं, कोणालाही वाचता येईल असं खुलं फर्मवेअर द्यायला सुरुवात केली, आणि लॅपटॉप उघडून भाग कसे बदलायचे याची पायरीवार माहितीही ती सर्वांसाठी प्रसिद्ध करते. टक्सीडोने पंखे आणि वीज आपल्याला हवी तशी बेतता येण्यासाठी लिनक्सवर स्वतःचं सॉफ्टवेअर लिहिलं. सांगाडा परक्याचा, पण त्यावर केलेली मेहनत यांची. असे जादा पैसे आनंदाने द्यावेत.

किंमत आणि वॉरंटी

दोन देशांतल्या किमती ताडून बघताना एक खबरदारी घ्या. जर्मनीतल्या किमतीत १९ टक्के मूल्यवर्धित कर धरलेला असतो. अमेरिकेतली किंमत मात्र विक्रीकर वगळून लिहिलेली असते आणि तो राज्यानुसार वर चढतो. त्यामुळे पहिल्या नजरेला अमेरिका आहे त्यापेक्षा स्वस्त दिसते.

युरोपीय महासंघात ग्राहकाला किमान दोन वर्षांचं कायदेशीर संरक्षण असतं आणि त्याची जबाबदारी विक्रेत्यावर असते. म्हणजे तैवानच्या कारखान्याशी तुमचा संबंध येत नाही, बिलावर ज्याचं नाव आहे त्यालाच उत्तर द्यावं लागतं. अमेरिकेत असा सरसकट नियम नाही, तिथे वॉरंटी विक्रेत्यागणिक बदलते आणि मुदत वाढवायला पैसे पडतात. तिथल्या १९७५ च्या वॉरंटी कायद्यामुळे एक सोय मात्र आहे. आपलेच भाग वापरले पाहिजेत अशी अट घालून कंपनीला वॉरंटी रोखता येत नाही. स्टिकर फाटलं तर वॉरंटी रद्द, असं बजावणाऱ्या काही कंपन्यांना तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१८ मध्ये लेखी ताकीदही दिली होती.

| पैसे भरण्याआधी विक्रेत्याला लेखी विचारा |
|---|
| मूळ उत्पादक कोण आणि सांगाड्याचा कोड काय? |
| रॅमच्या पट्ट्या किती, एसएसडी कोणत्या कंपनीची, पडदा कोणता? |
| ग्राफिक्स चिपला जास्तीत जास्त किती वॉट मिळतात? |
| मी स्वतः मागचं झाकण उघडून रॅम वाढवली तर वॉरंटी राहते का? |
| पडद्यावर किती मृत ठिपके असले तर बदलून देता? |
| दुरुस्तीला पाठवण्याचा आणि परत आणण्याचा खर्च कोणाचा? |
| बॅटरी, पंखा, कीबोर्ड सुटे विकता का, आणि किती वर्षं? |

शेवटचा प्रश्न गाळू नका. मोठ्या कंपनीच्या लॅपटॉपची बॅटरी लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यातल्या तपकीर गल्लीत शोधली तर काहीतरी पर्याय निघतो. या लॅपटॉपचं तसं नाही. पण कोड माहीत असेल तर एका विक्रेत्याकडे न मिळालेला पंखा त्याच सांगाड्याच्या दुसऱ्या विक्रेत्याकडे मिळू शकतो. रिब्रँडेड लॅपटॉपचा हा मोठा फायदा आहे, आणि तो कोड टिपून ठेवणाऱ्यालाच मिळतो.

भारतात घेऊन यायचा असेल तर

अठरा वर्षांवरच्या प्रवाशाला स्वतःच्या सामानात एक लॅपटॉप सीमाशुल्क न भरता आणता येतो, त्यामुळे आणताना अडचण नसते. अडचण येते ती बिघडल्यावर. लाइपझिगला किंवा कॅलिफोर्नियाला दुरुस्तीसाठी पाठवायचा म्हणजे कुरिअर, विमा, निर्यात आणि पुन्हा आयातीची कागदपत्रं हे सगळं आलं. शिक्षण संपवून वर्षभरात परतणार असाल तर तीन वर्षांच्या वाढीव वॉरंटीचे पैसे देऊ नका. ते पैसे सुट्या भागांवर घाला.

त्यातही बॅटरी आधी. सुटी लिथियम-आयन बॅटरी प्रवासी विमानातून माल म्हणून पाठवायला २०१६ पासून बंदी आहे. त्यामुळे इथे बसून ती मागवणं फार जिकिरीचं होतं. प्रवासी मात्र १०० वॉट-अवरपर्यंतची जादा बॅटरी हातातल्या बॅगेत आणू शकतो. टोकांना चिकटपट्टी लावून ती वेगळ्या पिशवीत ठेवावी, चेक-इन सामानात टाकू नये. भल्यामोठ्या लॅपटॉपच्याही बॅटऱ्या ९९ वॉट-अवरच्या आसपास येऊन थांबतात, त्याचं कारण विमानाचा हाच नियम. परतीच्या प्रवासात एक बॅटरी आणि एक चार्जर जादा आणला तर लॅपटॉपचं आयुष्य दोन-तीन वर्षांनी सहज वाढतं.

जर्मनीत घेताना कीबोर्डची मांडणी तपासायला विसरू नका. तिथल्या मांडणीत वाय आणि झेड यांच्या जागा अदलाबदल झालेल्या असतात, चिन्हंही भलतीकडे असतात. हे विक्रेते बहुधा अमेरिकन मांडणीचा पर्याय देतात, टक्सीडो तर हवी तशी छपाईही करून देते. ऑर्डर देताना एक खूण करायची असते, नंतर बदलायचं म्हटलं तर बराचसा लॅपटॉप सोडवावा लागतो.

आपल्या बाजारातला रिब्रँडेड लॅपटॉप

भारतातही अनोळखी नावाचे नवे लॅपटॉप विकले जातात. त्यांच्यामागचा उत्पादक शोधायला आपल्याकडे एक चांगलं साधन आहे, आणि ते फार कमी लोक वापरतात. लॅपटॉपला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. तळाच्या लेबलावर किंवा खोक्यावर मानकाच्या चिन्हाजवळ आर अक्षराने सुरू होणारा क्रमांक असतो. ही नोंदणी ज्या कारखान्यात माल बनतो त्या कारखान्याला मिळते. ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये हा क्रमांक टाकला की उत्पादकाचा तपशील दिसतो आणि नोंदणी चालू आहे की संपली तेही कळतं. झाकणावर नाव कोणतंही असो, माल कुठून आला ते असं समजतं. क्रमांकच नसेल, किंवा तो भलत्याच वस्तूचा निघाला, तर तो लॅपटॉप घेऊ नका.

खोक्यावरचं छापील लेबलही वाचा. वजनमापांच्या कायद्यातल्या नियमांनुसार आयात केलेल्या मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क असावा लागतो. जाहिरातीत दिसणाऱ्या नावापेक्षा हा आयातदार महत्त्वाचा, कारण उद्या भांडायचं झालं तर ते त्याच्याशी. दिलेला क्रमांक दुकानात उभ्या उभ्याच लावून बघा. कोणी उचलत नसेल तर बिघाड झाल्यावरही उचलणार नाही.

घेतला, तर बिल, खोक्यावरचं लेबल, तळाचा आर क्रमांक आणि विक्रेत्याची लेखी उत्तरं यांचे फोटो त्याच दिवशी काढून ठेवा. वॉरंटी नाकारली गेली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवता येते, आणि तिथे हेच कागद मागितले जातात.